बेटावरचा पुरसो

होडी उलटली तेव्हा पुरसोच्या मनगटाला पाण्याच्या पिंपाचा दोर होता आणि हातभर अंतरावर दौलतसिंग बुडत होता. दौलतसिंगाला पोहता येत नव्हतं. तो गढवालच्या डोंगरातला. फौजेत येईपर्यंत त्याने समुद्र बघितलाच नव्हता. पुरसो तेरेखोल नदीच्या काठावर वाढलेला, पाण्याचं त्याला काही वाटत नसे. पण पिंप एकीकडे ओढत होतं आणि लाट दुसरीकडे. मागे बेटावर तिघेजण घसा सुकून पडले होते. एक मोठी लाट आली आणि गेली. पुरसोने डोळे पुसून बघितलं तर पिंप होतं, दौलतसिंग नव्हता.

"वयनी, दोर मी सोडूक नाय की माझ्यान सुटाक नाय, ता माका अजून म्हायत नाय."

हे तो मला एकदाच बोलला. त्याची बायको भामा गेली त्या महिन्यात, आमच्या दारातल्या सोप्यावर बसून. अशा वेळी काय बोलायचं ते मला येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचा मला राग येतो. मी त्याला चहा दिला. त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, मग कप तिरका करून आत काही राहिलं का ते बघितलं.

बाकी सगळी वर्षं बेटाचा विषय निघाला की तो फक्त डब्यातल्या मासळीबद्दल बोलायचा. ती किती वाईट होती, आणि तिच्यात कोकमाची सोलं घालून त्याने ती कशी माणसात आणली.

मी कारापूरची. लग्न होऊन इथे पेडण्याच्या बाजूला आले तेव्हा आमच्या आणि पुरसोच्या घरांमध्ये एक दगडी गडगा होता, तो अजून आहे. गावात त्याला पुरसो फौजी म्हणत. पाहुण्यांना वाटायचं, मोठा बंदूकवाला असेल. बंदूक त्याने शिकताना उडवली तेवढीच. बाकी सगळी नोकरी दवली, म्हणजे वाढायचा डाव, हातात घेऊन केली. तो फौजेत रांधपी होता, आणि हे तो कुणापासून लपवत नसे. लपवायचे ते गावातले लोक. आपल्या गावचा फौजी भात शिजवत होता हे त्यांना बरं दिसत नसे.

एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी त्याला आणखी चौघांबरोबर एका बेटावर ठेवलं होतं. बेट म्हणजे खडक. सगळ्यांपासून दूर, भर समुद्रात. एक पत्र्याची खोली, एक वायरलेसचं यंत्र, जहाजांना वाट दाखवायला खांबावर एक दिवा. माड एकसुद्धा नाही. माड नसलेली जमीन पुरसोने तोवर बघितली नव्हती आणि असली जमीन कुणी आपली म्हणून राखावी याचंच त्याला आश्चर्य वाटायचं. काम काय, तर शत्रूचं जहाज दिसलं, विमान दिसलं, की कळवायचं. शत्रू आला नाही. पुरसो म्हणायचा, त्याला तरी तिथे कशाला यायचं होतं, आम्हालासुद्धा यायचं नव्हतं.

लढाई सुरू झाली तसा दिवा विझवायचा हुकूम आला. शत्रूला बेट दिसू नये म्हणून. शत्रूला ते दिसलं नाही. पाणी घेऊन येणाऱ्या बोटीलाही दिसलं नाही. बोट अंधारात खडकांना भिऊन बाहेरच घुटमळली, पाण्याची पिंपं बांधून समुद्रात सोडली आणि निघून गेली. सकाळी ती पिंपं खडकांच्या पलीकडे तरंगताना दिसली. चौकीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. हवालदार तापाने पडलेला, वायरलेसवाला आणि दिवेवाला उभे राहू शकत नव्हते. उरले दोघे. एकाला पाणी माहीत होतं, दुसऱ्याच्या दंडात जोर होता. ते दोघे होडी घेऊन गेले. पुढचं मी सांगितलं.

तिथून तो दोन खोडी घेऊन आला. एक पाण्याची. कुणाच्याही घरात शिरायचा, राम राम नाही, बस म्हणण्याची वाट बघायची नाही, सरळ मोरीत जाऊन नळ घट्ट करायचा. नवीन सुना घाबरायच्या. लग्नात पंगत उठली की उष्ट्या पेल्यांतलं पाणी एका बालदीत जमा करून तो मांडवाच्या कडेच्या झाडांना घालायचा. नवऱ्या मुलाकडच्या माणसांना वाटायचं, हा कामाला ठेवलेला गडी असावा. एकदा एकाने त्याला बक्षीस म्हणून दहा रुपये दिले, ते त्याने घेतले.

दुसरी खोड दिव्याची. त्याच्या दारातला दिवा रात्रभर जळायचा. भामा कुरकुरायची, वीज काय फुकट येते का म्हणून. तो म्हणायचा, जळूंदे, कोण तरी येत आसतलो. भामा विचारायची, कोण येतलो, तुझो बापूस? यावर तो हसायचा. वीज गेली की कंदील लावायचा. आमच्या वाड्यावर चोर कधी आला नाही याचं श्रेय पोलीस घेतात, पण ते पुरसोचं आहे.

आता पदकाचं सांगते. लढाई संपल्यावर त्याला एक पदक आलं. रंगीत फीत, खाली गोल चकती. त्या मोहिमेत जो जो हजर होता त्या सगळ्यांना ते मिळालं होतं. गावाने विचारलं, कशाबद्दल मिळालं? तो म्हणाला, हजर होतो त्याबद्दल. गावाला हे पटलं नाही. हजर असल्याबद्दल शाळेतसुद्धा बक्षीस देतात, पण त्याची कुणी मिरवणूक काढत नाही.

भामाला वाटलं सोनं असेल. ती ते घेऊन पेडण्याच्या बाजारात सोनाराकडे गेली. सोनाराने घासून बघितलं आणि तिच्या हातात परत ठेवलं. भामा रागाने घरी आली. त्या वर्षी गोरवांच्या पाडव्याला, गुरांना आंघोळ घालून माळा घालतात तेव्हा, तिने ते पदक सरळ पाडीच्या गळ्यात बांधलं. पाडी उधळली. सगळ्या वाड्यावर हसू. पुरसो तिच्या मागे धावला तो पदकासाठी नव्हे, ती लोकांच्या भातात शिरली म्हणून. परत आली तेव्हा फितीचं एक टोक तिने चावून खाल्लं होतं. भामा म्हणाली, बघ, तुझ्या शौर्याला कुणी तरी तोंड लावलं. पुरसोने चकती धुतली आणि खुंटीला अडकवून ठेवली.

मी एकदा विचारलं, दौलतसिंगाचं पदक काय झालं?

"गेला ता त्याच्या घराक. माझा नि त्याचा एकूच, वयनी. वजन सुद्धा एकूच."

दौलतसिंगाचं प्रेत मिळालं नव्हतं. आणि इथेच पुरसोचं खरं वेड सुरू होतं, ज्यामुळे गाव त्याला पन्नास वर्षं हसलं.

आमच्या देवळात जत्रेच्या दिवशी गाऱ्हाणं घालतात. गावकर हातात नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या गावासाठी मागतो. कोण शेतात आहे, कोण परमुलखात आहे, कोण समुद्रावर आहे, त्यांना सांभाळ. जे गेले त्यांना पदरात घे. प्रत्येक बोलाला मागे उभे असलेले सगळे म्हणतात, व्हय म्हाराजा. लहानपणापासून म्हणतात. झोपेत कुणी गाऱ्हाणं सुरू केलं तरी आमच्याकडचा माणूस झोपेतच व्हय म्हाराजा म्हणेल.

हे पुरसोने बेटावर दौलतसिंगाला सांगितलं होतं, भात शिजेपर्यंतच्या गप्पांत. दौलतसिंग समुद्राला भ्यायचा. त्याला ही गोष्ट आवडली. तो म्हणाला, माझे देव डोंगरातले, त्यांना समुद्रातलं काही कळत नाही. तुमच्या गावाला माझंही नाव घ्यायला सांग. पुरसोने हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

पहिल्या सुट्टीवर आला तो पुरसो नारळ घेऊन गावकराकडे गेला. म्हातारा गावकर म्हणाला, आपला माणूस न्हय. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. पुन्हा तेच. म्हातारा मेला, त्याचा मुलगा बाबलो गावकर झाला. बापाची पगडी त्याला सैल व्हायची, पण नकार बरोबर बसला. दर जत्रेला पुरसो नारळ घेऊन जायचा आणि नारळ घेऊन परत यायचा. त्या दिवशी त्यांच्याकडे खोबरं घातलेलं सगळं असायचं. मुलं ओरडायची, पुरसोकाका, औंदा काय, वड्यो की पातोळ्यो? तो सांगायचा.

मग आमच्या सरपंचाला शौर्य सुचलं.

सरपंच सुहास तेव्हा पंचायतीत नवा होता आणि निवडणूक जवळ होती. शेजारच्या गावाने एका स्वातंत्र्यसैनिकाचा सत्कार केला आणि पणजीहून मोठे पाहुणे आणले, हे त्याला सोसलं नाही. आमच्या गावात स्वातंत्र्यसैनिक शिल्लक नव्हता. एक होता तो आदल्या वर्षी गेला, हे सरपंच अजून त्याचा दोष असल्यासारखं बोलतो. तेव्हा त्याला पुरसो आठवला. जत्रेच्याच दिवशी, देवळाच्या मांडवात सत्कार ठरला. फलक छापून आला. त्यावर पुरसोचा फोटो, कुणाच्या तरी मिशा आणि मागे रणगाडा.

पुरसो फलकापुढे उभा राहिला. म्हणाला, बेटावर रणगाडा? आमच्याकडे शेळीसुद्धा नव्हती.

सरपंच घरी येऊन त्याला समजावू लागला. मी गडग्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकू येत होतं. सरपंच म्हणत होता, तुम्ही फक्त खुर्चीवर बसा, बाकीचं मी सांगतो. बेटावर शत्रूचं विमान आलं आणि तुम्ही ते पाडलं.

"कशान पाडलंय? दवलेन?" पुरसोने विचारलं.

"काका, लोकांक आयकूक बरां लागता."

"विमानच पाडूचा आसात तर मोपाच्या विमानतळार जा. आता थंय दिवसभर उतरतत. बेटार एक येवक नाय, नि हंय माझ्या कौलांवरसून जातत."

सरपंच हसला, पण त्याला घाम फुटला होता, कारण पाहुण्यांना निमंत्रण गेलं होतं. मग पुरसोने आपली अट घातली. खुर्चीवर बसतो, शाल घेतो, विमानाचं तू काय सांगशील ते सांग. पण सकाळच्या गाऱ्हाण्यात दौलतसिंगाचं नाव आलं पाहिजे.

सरपंचाला हे फारच स्वस्त वाटलं. तो तसाच बाबलो गावकराकडे गेला. बाबलो अडला. सरपंच होईल आणि जाईल, गावकर पिढ्यान्‌पिढ्या असतो, हे दाखवायची संधी त्याला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. जत्रेच्या सकाळी सगळ्यांसमोर त्याने पुरसोला ऐकवलं की गाऱ्हाण्यात नाव येतं ते ह्या गावाचं मीठ खाल्लेल्या माणसाचं.

"मीठ? आमच्या आगराचा मीठ मी पोत्यात भरून बेटार व्हरलेला. दुसरा मीठ मी जेवणात घालूकच नाय. हवालदार मरे बोंब मारी, काळा मीठ, काळा मीठ म्हणान. दौलतसिंगान ताच खाल्ला, मरेपर्यंत."

बाबलोने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, कौल लावूया. देव सांगेल.

कौल म्हणजे देवाच्या अंगाला पाण्याने पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. पाकळ्या लावल्या. सगळे बघत राहिले. एकही पडेना. देवालासुद्धा विचार करायला वेळ लागतो. पण सरपंचाला वेळ नव्हता. पाहुण्यांची गाडी पुलापर्यंत आल्याचा फोन आला होता, घड्याळाकडे बघून त्याची मान दुखली असेल. शेवटी त्याने कुणाला तरी खूण केली आणि कोपऱ्यातला उभा पंखा चालू झाला. गरम होतंय म्हणे. पंखा उजवीकडे होता. त्याच्या वाऱ्याने डावीकडची पाकळी उडाली.

बाबलो म्हणाला, डावा कौल. नाही.

पुरसो उठला, पंख्याजवळ गेला, बटण बंद केलं. नळ बंद करायचा तसंच, घट्ट. म्हणाला, हा कौल देवाचा नव्हे, वीजखात्याचा. गाऱ्हाणं झालं, दौलतसिंगाचं नाव आलं नाही. मला वाटलं, आता हा घरी जाईल आणि सरपंच रिकाम्या खुर्चीला शाल घालील. मला ते बघायला आवडलं असतं. पण पुरसो घरी गेला तो धुतलेला सदरा घालून, छातीला ते पाडीने चावलेलं पदक लावून परत आला, आणि खुर्चीवर बसला.

सरपंचाने भाषण केलं. एका विमानाची दोन झाली. बेटावर बॉम्ब पडत होते आणि आमचे पुरसोकाका एकटे छाती काढून उभे होते. मी चौथीपर्यंतच शिकले, पण एकट्या माणसाबरोबर आणखी चौघे होते एवढा हिशोब मला येतो. पाहुण्यांनी शाल घातली, हातात श्रीफळ दिलं, फोटो झाले. मग सरपंचाने माइक पुरसोच्या तोंडापुढे धरला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

तीच चूक झाली. आमच्याकडच्या माणसाला देवळात, देवाकडे तोंड करून, हातात नारळ देऊन उभं करायचं आणि बोल म्हणायचं? पुरसोने नारळ दोन्ही हातांत धरला. पन्नास वर्षं परत नेलेला नारळ, ह्या वेळी गावाने स्वतःहून दिलेला. त्याने आवाज लावला.

"बा देवा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मांडव म्हणाला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"कोण शेतात, कोण खाणीर, कोण ट्रकार, कोण बोटीर, तेंका सांभाळ."

"व्हय म्हाराजा." आता मागचे दुकानवालेसुद्धा म्हणत होते. पणजीचे पाहुणे म्हणत होते. तेही कुठल्या तरी गावचेच.

"नि गढवालचो दौलतसिंग, जो आमच्या आगराचा मीठ खावन पाणी हाडूक गेलो नि परत येवक नाय, तो आमचो म्हणान पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

सगळा गाव म्हणाला. मी बाबलो गावकराकडेच बघत होते. त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. तोंडातून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने तोंड मिटलं, पण तोवर देवाने ऐकलं होतं आणि भोंग्यांवरून पलीकडच्या काठानेसुद्धा.

पुरसोने व्यासपीठाच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला. पाणी पाहुण्यांच्या बुटांवर गेलं, गालिच्यावर गेलं, खाली धार लागली. पुरसोने ते वाहू दिलं. त्याला पाणी सांडताना मी तेवढंच बघितलं.

बाबलोने नंतर कुरकुर केली की व्यासपीठावरचं गाऱ्हाणं धरत नाहीत. लोकांनी विचारलं, मग तू ओ कशाला दिलीस? पुढच्या जत्रेला त्याने निमूट नाव घेतलं. आता दर वर्षी घेतो, चुकीचं घेतो, दौलतराव म्हणतो. आता तर दोघीतिघी दौलतसिंगाला नवस बोलायला लागल्या आहेत. एकीचा मुलगा खलाशी भरतीत लागला तेव्हापासून गर्दी वाढली आहे. काही वर्षांनी त्याचं देऊळ झालं आणि सरपंचाने त्याच्यासमोर रणगाडा ठेवला तर मला नवल वाटणार नाही. मी तेव्हा नसेन, ते बरं आहे.

सत्कार पुरसोला फारसा लागला नाही. शाल त्याने गोठ्यातल्या वासराला थंडीत घातली.

शेवटचा बघितला तो मागच्या पावसानंतर, ज्या आजारात तो गेला त्याच्या आधी. गडग्यापलीकडून म्हणाला, वयनी, तुझो नळ गळता. मी म्हटलं, गळूंदे, प्लंबर बोलावलाय. तो ऐकतोय थोडाच. काठी टेकत आला, मोरीत वाकला, नळाला चिंधी गुंडाळली. बांधायला दोरी सापडेना तेव्हा खिशातून ती पदकाची फीत काढली, पाडीने चावलेली, आणि तिने चिंधी घट्ट आवळली. चकतीचं काय केलंस, विचारलं तर म्हणाला, आसा खंय तरी. मग आपल्या घरी गेला. दिवस अजून मावळला नव्हता, तरी त्याने दारातला दिवा लावला.

प्लंबर अजून आलेला नाही. नळ गळत नाही.

त्या बेटावर पाचजण होते. हवालदार जगला, वायरलेसवाला जगला, दिवेवाला जगला, आणि पुरसो जगला.